दूरच्या मुक्कामी आजारी पडलेला वैमानिक

दुकानातला माणूस तापाने फणफणला, तर शेठजी स्वतः गल्ला सांभाळतात, घरातला कोणी गिऱ्हाइकाकडे पाहतो आणि दिवस निभावून जातो. विमान कंपनीला ही सोय नाही. वैमानिकाच्या जागी वैमानिकच लागतो, तोही त्याच बनावटीच्या विमानाची पात्रता असलेला. सहवैमानिक आजारी पडला, तर पात्रता असलेला दुसरा कॅप्टन उजव्या आसनावर बसू शकतो. कॅप्टनच्या जागी मात्र सहवैमानिक चालत नाही.

मुख्य तळावर कंपन्या काही वैमानिक राखीव ठेवतात. ते गणवेश इस्त्री करून घरी बसलेले असतात आणि बोलावणे न आले तरी त्यांचा पगार चालूच असतो. गोदामात पडून राहिलेल्या मालासारखाच हा खर्च. म्हणूनच दूरच्या ठिकाणी, जिथे दिवसाकाठी एखादेच विमान उतरते, तिथे असा साठा कोणी ठेवत नाही. पेढीच्या हिशेबाने हे योग्यच आहे. फक्त त्या हिशेबाची वसुली एखाद्या पहाटे एकदम होते.

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट जाणारे विमान १५-१६ तास उडते. त्यात चार वैमानिक आळीपाळीने विश्रांती घेतात. परतीच्या दिवशी त्यांतला एक आजारी पडला, तर उरलेल्या तिघांना एवढा पल्ला मारण्याची मुभा मिळेलच असे नाही, कारण कामाच्या तासांची मर्यादा वैमानिकांच्या संख्येवर ठरते. अशा वेळी त्याच शहरात उतरलेल्या दुसऱ्या तुकडीतला, विश्रांती पूर्ण झालेला माणूस पुढे ओढला जातो. त्याची रिकामी जागा भरायला तळावरून आणखी कोणीतरी प्रवासी म्हणून निघतो. एका आजाराने चार घरांचे आठवड्याचे बेत बदलतात.

पण तिथे निदान दुसरे विमान तरी असते. नेपोलियनला ज्या बेटावर कैदेत ठेवले होते, ते सेंट हेलेना आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १९०० किलोमीटरवर आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये जोहान्सबर्गहून तिथे नियमित सेवा सुरू झाली, तीही आठवड्यातून एकदाच. धावपट्टीवर वाऱ्याचे झोत एकाएकी दिशा बदलतात, त्यामुळे तिथे उतरवण्यासाठी वैमानिकाला खास तयारी लागते. अशा जागी बदली माणूस पाठवायचा, तर तो बसून येईल ते विमान आणायचे कुठून, हाच पहिला प्रश्न.

या साऱ्याच्या मुळाशी मात्र हॉटेलच्या खोलीतला एकटा माणूस असतो. साधी सर्दी झालेली असते, कान बंद असतो. जमिनीवर हा त्रास किरकोळ. विमान खाली येऊ लागले की बाहेरचा दाब वाढतो, कानाच्या आतला दाब त्याच्याशी जुळत नाही, असह्य कळ येते आणि पडदा फाटूही शकतो, तेही नेमके उतरण्याच्या घटकेला. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी झापड येते, म्हणून त्या घेऊन उडणेही बरे नाही. कान बंद आहे हे त्याच्यावाचून कोणालाच दिसत नाही. खाली दीडदोनशे प्रवासी तिष्ठत असतात. त्यांत कोणी लग्नाला निघालेले असते, कोणी दवाखान्यात. फोन उचलून ‘आज मी उडू शकत नाही’ एवढेच त्याला म्हणायचे असते. त्या वाक्यावर जी कंपनी दोनदा कारण विचारते, तिचे वैमानिक पुढच्या वेळी फोन न उचलता कॉकपिटमध्ये जाऊन बसण्याचा धोका असतो.

फोन झाला की तळावर यादी उघडते. बदली वैमानिक मिळेल त्या विमानाने निघतो. प्रवाशाच्या आसनावर बसून आला तरी नियमाप्रमाणे तो वेळ कामातच धरला जातो. पोहोचल्यावर तास उरले नसतील, तर आधी त्याची झोप होते आणि मगच विमान हलते.