दोन हुकांचा भरवसा

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेची सहल दरवर्षी ठरलेली. राणीची बाग, नाही तर चौपाटी. गेल्या डिसेंबरात मात्र मुलांनी हट्ट धरला, "सर, या वेळी जंगलात दोरावरून जायचं." दिवसभर ऑफिसात जमाखर्च मांडणारे आम्ही. हे प्रकरण झेपेल असे वाटत नव्हते. पण मुलांपुढे नाही कसे म्हणणार? वर्गणी काढली, भाकरी-चटणी बांधून घेतली आणि अठरा मुले, आमच्या पत्नी व आम्ही पनवेलहून एस.टी.ने कोलाडला उतरलो.

कोलाड हे रोहे तालुक्यातले, मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. मुंबईपासून सुमारे १२० किलोमीटर. शेजारून कुंडलिका वाहते. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीखाली भिरा येथे उतरते. तेथे १९२७ पासून वीज तयार होते आणि तेच पाणी पुढे कुंडलिकेत येते. म्हणून उन्हाळ्यातही या नदीत रबरी होड्या चालतात. त्याच्याच जोडीला झाडांमधले दोरांचे खेळ.

साग-ऐनाच्या रानात आधी रोप कोर्स. झाडाझाडांमध्ये बांधलेले दोर, हलत्या फळ्या, जाळी. कमरेला व मांड्यांना पट्टे आवळले, डोक्यावर हेल्मेट. पट्ट्याला दोन दोऱ्या, दोन हूक. झाडापाशी पोचल्यावर एक हूक काढायचा, पुढच्या दोराला लावायचा, मगच दुसरा काढायचा. दोन्ही हूक एकाच वेळी कधीही सुटता कामा नयेत. एवढा एकच नियम. पण शिकवणाऱ्या गावातल्या तरुणाने तो प्रत्येकाकडून तीनदा म्हणून घेतला. आमच्या पत्नी पदर खोचून पुढे गेल्या. आम्ही खाली फोटो काढत राहिलो.

खरी गोष्ट आज सांगतो. आमचे वडील मुंबईत रंगकाम करीत. आम्ही नऊ वर्षांचे असताना ते परांचीवरून पडले. पायात सळई बसली, काम सुटले. तेव्हापासून उंचावर गेलो की आमचे हातपाय गार पडतात. बी.कॉम. झालो, मोर्चे काढले, सभेत बोललो. पण ही भीती घरातसुद्धा कुणाला सांगितली नव्हती.

मग झिपलाइन. एका मचाणापासून दुसऱ्या मचाणापर्यंत दरीवरून ताणलेला पोलादी दोर. पलीकडचे टोक खाली असते, म्हणून कप्पी आपल्याच वजनाने धावते. आठवीतली एक मुलगी निघाली. तिची आई धुणीभांडी करते. "सर, तुमच्या भरवशावर पाठवते," असे म्हणून तिने पाठवले होते. अंगाने अगदीच हलकी. पलीकडचे मचाण पाच-सात हातांवर असताना कप्पी थांबली. पोर दरीवर लोंबकळते आहे आणि आम्ही अलीकडे! आमच्या तोंडचे पाणी पळाले. पलीकडच्या तरुणाने शांतपणे सांगितले, "पाठ माझ्याकडे कर. दोर हातात धर. ओढत ये." तसे आधी शिकवलेले होते. पोरीने हातमोज्यातल्या मुठींनी दोर धरला आणि एकेक हात मागे सरकत मचाण गाठले. वर उभी राहून ओरडली, "सर, आता तुम्ही!"

आता पळवाट नव्हती. तरुणाने आमचा पट्टा ओढून पाहिला, हूक पाहिला, दुसरा हूक पाहिला, मग पुन्हा पहिल्यापासून. त्या क्षणी आम्हाला वडील आठवले. खेळायला आलेल्या माणसासाठी दोन हूक, हेल्मेट, तपासायला माणूस. पोटासाठी चढणाऱ्या बापाला साधी दोरीही नव्हती. डोळे भरून आले आणि त्याच भरात आम्ही पाय उचलले. काही सेकंदच लागले. झाडांचे शेंडे पायाखालून गेले. पलीकडे पोचलो तेव्हा पाय थरथरत होते. पण आम्ही हसत होतो. रात्री पत्नीला सारे सांगितले.

आपल्या मुलांना हे चोचले कशाला, असे कुणी म्हणेल. आजच्या तेलंगणातल्या समाजकल्याण निवासी शाळांची पूर्णा मालावत ही आदिवासी मुलगी आणि आनंदकुमार हा दलित मुलगा २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर पोचले. पूर्णा तेव्हा १३ वर्षांची होती. त्यांनीही पहिले धडे भोंगीरच्या कातळावर दोराला बांधूनच घेतले.

पालकांनी मुलांना जरूर पाठवावे. मात्र पैसे भरण्याआधी पाहावे : हेल्मेट आहे का, हूक दोन आहेत का, वजनाची मर्यादा विचारतात का, सुटण्याआधी दुसरा माणूस तपासतो का. घाई करणाऱ्याकडून परत फिरावे.

आणि आपल्या घरातले कुणी बांधकामावर, रंगकामावर जात असेल, तर त्यानेही मुकादमाला हाच प्रश्न विचारावा. आमच्या वडिलांसाठी तो कुणी विचारला नाही.