मुसद्दीलाल लघवीला कधी जातो?

'ऑफिस ऑफिस' ही मालिका २००१ साली सब टीव्हीवर सुरू झाली. त्या काळात रात्री दवाखाना बंद करून घरी आलो की जेवता जेवता मी ती बघायचो. पंकज कपूरचा मुसद्दीलाल काहीतरी साधे काम घेऊन सरकारी कचेरीत जायचा आणि तिथे त्याला या टेबलावरून त्या टेबलावर टोलवले जायचे. कचेरी दर वेळी नवी, पण टेबलामागची माणसे तीच : भाटिया (मनोज पाहवा), शुक्ला (संजय मिश्रा), पटेल (देवेन भोजानी), पांडेजी (हेमंत पांडे) आणि आपल्या आसावरी जोशींची उषाजी. खाते बदलले तरी माणसे बदलत नाहीत, हे कुठलेही भाषण न करता सांगायची ही युक्ती मला तेव्हाही आवडली होती आणि आजही आवडते.

हल्ली तिचे जुने भाग मोबाइलवर पुन्हा बघतो. हसू अजूनही येते. पण तीस वर्षे पेशंट तपासल्यावर नजर नको तिथे जाते. भाटिया खुर्चीतून उठत नाही आणि त्याचे तोंड सतत चालू असते. त्याच्या पोटाचा घेर बघून मला त्याची एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, करून घ्यावीशी वाटते. शुक्लाच्या तोंडात कायम पान. तो तोंड न उघडता बोलतो, हा त्या पात्राचा विनोद. माझ्याकडे मात्र असे बोलणारे लोक येतात तेव्हा ते विनोद करत नसतात. सुपारीने गालाच्या आतली त्वचा कडक होत जाते, तोंड उघडणे कमी कमी होते आणि पुढे काहींना तिथेच कॅन्सर होतो. 'मी तंबाखू खात नाही डॉक्टर, नुसती सुपारी,' असे सांगणाऱ्यांसाठी : नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केले आहे. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, आत्ताच बघा. जात नसतील तर दाखवायला या.

पण आज लिहायचे आहे ते मुसद्दीलालविषयी, आणि तेही एका पेशंटच्या बोलण्यावरून. माझ्या वेटिंगमध्ये एक काका नंबर यायची वाट बघत याच मालिकेचा एक भाग मोबाइलवर पाहत होते. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तरच्या आसपास, हृदयाची ताकद कमी, आणि प्रोस्टेटचाही त्रास. आत आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हा मुसद्दीलाल दिवसभर कचेरीत फिरतो, पण एकदाही लघवीला जाताना दाखवत नाहीत. आमच्यासारख्याने काढलेली नाही ही सीरियल."

मी हसलो. ते हसले नाहीत.

नोव्हेंबर महिना होता. सरकारी पेन्शनवाल्यांचा हा हयातीच्या दाखल्याचा महिना. आपण जिवंत आहोत हे बँकेला दर वर्षी दाखवावे लागते. काका त्यासाठी तीन दिवस हेलपाटे घालत होते. एक दिवस सर्व्हर बंद, एक दिवस गर्दी, एक दिवस बोटांचे ठसे उमटेनात. बसायला जागा कमी आणि स्वच्छतागृह विचारले तर 'बाहेर बघा'. म्हणून काकांनी स्वतःपुरता उपाय काढला होता. तीन दिवस सकाळची पाणी काढणारी गोळी घेतलीच नव्हती. माझ्यासमोर बसले तेव्हा पाय गुडघ्याखालपर्यंत सुजलेले होते, नडगीवर बोट दाबले तर खळगा पडत होता आणि आदल्या रात्री दोन वाजता दम लागून ते उठून बसले होते.

हे नीट समजून घ्या, कारण अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यात अशी घरे खूप आहेत. फॅक्टरीचे, रेल्वेचे, शाळांचे निवृत्त लोक घरोघरी आहेत. हृदय कमजोर झाले की शरीरात मीठ आणि पाणी साठते. फ्युरोसेमाइड किंवा टॉरसेमाइड या गोळ्या ते लघवीवाटे बाहेर काढतात. फ्युरोसेमाइडची गोळी तासाभरात काम सुरू करते आणि तिचा जोर साधारण सहा तास राहतो. म्हणजे सकाळी आठला घेतली तर दुपारपर्यंत माणूस संडास-बाथरूमच्या जवळच हवा. गोळी टाळली तर रांगेतला दिवस सुखात जातो, पण न निघालेले पाणी दिवसा पायात उतरते आणि रात्री आडवे झाल्यावर छातीकडे येते. दोन वाजताचा दम तो हाच.

गोळी टाळू नका, तिची वेळ बदलून मागा. बहुतेक पेशंटना 'बाहेर जायचे त्या दिवशी घरी परतल्यावर दुपारी घ्या' असे सांगता येते. पण ते तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला बघून सांगायचे आहे, हा लेख वाचून ठरवायचे नाही. लघवी लागू नये म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी न पिणे, हाही उपाय नव्हे. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभे राहिल्यावर बीपी उतरते. तसेही उभे राहिलो की अर्धा लिटरहून जास्त रक्त पायांकडे उतरते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलतात, पण रांगेत स्थिर उभ्या माणसाच्या पोटऱ्या गप्प असतात. त्यात पोटात पाणी नाही. मग डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस पडतो. त्या वयात खुब्याचे हाड मोडले की त्याची किंमत एका दाखल्यापेक्षा फार मोठी असते. रांगेत उभे राहावेच लागले तर टाचा वर-खाली करत राहा. लोक बघतील, बघू द्या.

मधुमेहाचे वेगळेच. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, नाश्ता न करता, 'लवकर नंबर लावू' म्हणून साडेसातला घर सोडणारे मला दर वर्षी भेटतात. अकरा वाजता साखर सत्तरच्या खाली जाते. घाम, थरथर, चिडचिड आणि बोलण्यात गोंधळ. खिडकीपलीकडच्या माणसाला वाटते, म्हातारा भांडतोय. मालिकेत मुसद्दीलालचा आवाज चढतो तेव्हा आपण हसतो. माझ्या मनात हल्ली येते, याने सकाळी काही खाल्ले आहे का? खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर ठेवा. असे वाटले तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, वाद नंतर.

ठसे न उमटण्यालाही वैद्यकीय कारण आहे. वयाबरोबर बोटांची त्वचा पातळ आणि कोरडी होते, उंचवटे झिजतात. आयुष्यभर मशीनवर, केमिकलमध्ये किंवा धुण्याभांड्यात काम केलेल्या हातांचे तर लवकर झिजतात. कॅन्सरच्या कॅपेसिटाबाइन या औषधाने ठसे पुसट होऊ शकतात. आदल्या आठवडाभर रात्री हातांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळा, थोडा फरक पडतो. पण त्याहून सोपे म्हणजे रांगच टाळणे. जीवन प्रमाण ही ऑनलाइन सोय २०१४ पासून आहे. २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, आणि पोस्टमन घरी येऊनही ते काम करतो. केंद्र सरकारच्या ज्या पेन्शनरांचे वय ऐंशीच्या पुढे आहे त्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. सेंच्युरी रेयॉन, विमको अशा खासगी कंपन्यांतून निवृत्त झालेल्या, पीएफ कार्यालयाची पेन्शन घेणाऱ्यांना तर नोव्हेंबरच गाठायची गरज नाही. त्यांचा दाखला वर्षात केव्हाही चालतो आणि दिल्या दिवसापासून बारा महिने टिकतो.

या मालिकेवरून २०११ साली 'चला मुसद्दी ऑफिस ऑफिस' हा चित्रपट निघाला. त्यात मुसद्दीलालला कागदोपत्री मृत ठरवलेले असते आणि जिवंत असल्याचे सिद्ध करायला तो पेन्शन कचेरीत खेटे घालतो. चित्रपट मला मालिकेइतका जमलेला वाटला नाही, लांबला आहे. काकांनी तो पाहिलेला नव्हता. गोष्ट सांगितली तेव्हा मात्र ते हसले. मग मी त्यांचे वजन केले. चार किलो वाढले होते. सगळे पाणी. गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली, वेळ दुपारी तीनची दिली, आणि त्यांच्या सुनेला मोबाइलवरून दाखला कसा काढायचा ते दाखवायला माझ्या कंपाउंडरला सांगितले. दुसऱ्या प्रयत्नात फोटो आला. पहिल्या वेळी काकांनी चष्मा काढला नव्हता.