नाणेघाटाची उतरण

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने नारायणगाव, तिथून डावीकडे जुन्नर आणि जुन्नरच्या पश्चिमेला घाटघर. सह्याद्रीच्या कड्यापाशी हा डांबरी रस्ता संपतो आणि त्याच्याहून दोन हजार वर्षांनी वडील असलेली एक वाट सुरू होते. तिचे नाव नाणेघाट. घाटमाथ्यावरील जुन्नर, पैठण या नगरांना कोकणातील कल्याण आणि सोपारा या बंदरांशी जोडणारी ही खिंड आज एका दिवसाच्या सहलीत पाहून होते. मात्र ती केवळ पाहण्याची नव्हे, चालण्याची जागा आहे.

मार्गशीर्षातील एका मंगळवारी पुण्यातील ज्येष्ठ नागरिकांचा एक गट पहाटे पाच वाजता बसने निघाला. एकूण बेचाळीस मंडळी, बहुतेक साठीच्या पुढची. पावसाळ्यातील धबधब्यांची झुंबड ओसरलेली, दगडांवरचे शेवाळ वाळलेले आणि ऊन अजून सौम्य, असा विचार करूनच हा महिना निवडला होता. सहलीची आखणी साधी, पण त्यात एक गोम होती. बस घाटमाथ्यावर मंडळींना सोडणार, माळशेज घाटाचा वळसा घालून पायथ्याच्या वैशाखरे गावी जाणार आणि घाट उतरून आलेल्यांना तिथे घेणार. म्हणजे प्रत्येकाने आधीच ठरवायचे होते, पायी उतरायचे की बसने जायचे.

सत्तावीस जणांनी पायवाट निवडली, पंधरा जणांनी बस. ही वाटणी वाटते तितकी सोपी नव्हती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका गृहस्थांना डॉक्टरांनी उताराची वाट टाळायला सांगितले होते. त्यांच्या पत्नीने नारायणगावच्या चहाच्या वेळी शांतपणे सांगितले, “अहो, तुम्ही बसने या. मी चालत उतरते.” पंचेचाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी वेगळ्या वाटेने केलेला हा पहिलाच प्रवास. गृहस्थ काही बोलले नाहीत. पाण्याची स्वतःची बाटली मात्र त्यांनी पत्नीच्या पिशवीत ठेवली.

घाटघरपासून खिंडीपर्यंतची सपाटी सर्वांनी मिळून चालायची होती. भाताची कापणी झालेली खाचरे, बांधाबांधावर रचलेल्या पेंढ्याच्या उडव्या, मधूनमधून हिरड्याची झाडे आणि एका बाजूला जीवधन किल्ल्याचा कातळ. किल्ल्याला लागून वानरलिंगीचा सुळका उभा आहे. बसच्या खिडकीतून हे सारे दोन मिनिटांत मागे पडले असते. पायी चालताना भाताच्या धसकटांतून टिपायला उतरलेले पक्षी दिसतात आणि मशेरी लावत अंगणात बसलेली आजी “कुठली पाव्हणी?” असे विचारते. तिला उत्तर देण्यापुरते थांबता येते, हीच पायी चालण्याची मिळकत.

खिंडीच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात यात टाकली जाई, असे परंपरा सांगते आणि घाटाच्या नावाचा संबंधही नाण्यांशीच जोडते. माथ्यावरून थोडे खाली उतरले की कातळात कोरलेले लेणे लागते. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील मोठा लेख आहे. तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो आणि सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिच्याशी त्याचा संबंध जोडतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने तो १८२८ मध्ये पाहिला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी त्याचे वाचन केले. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज प्रतिमा गेल्या आहेत. पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत. त्यांत पहिले नाव सिमुक सातवाहनाचे.

गटात बँका आणि कचेऱ्यांतून निवृत्त झालेले बरेच असल्यामुळे लेखातील आकड्यांपाशी मंडळी अधिक रेंगाळली. यज्ञांच्या दक्षिणेचा तो तपशील म्हणजे एक जमाखर्चच आहे: गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नावाची नाणी. एका ठिकाणी २४,४०० कार्षापणांची नोंद आहे. त्या लिपीत शून्याची खूण नाही. वीस हजार, चार हजार आणि चारशे यांची स्वतंत्र चिन्हे एकापुढे एक मांडून ही रक्कम लिहिलेली आहे. भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत या भिंतीची गणना होते. तिच्यावर आपली नावे कोरणाऱ्यांना हे ठाऊक नसते, म्हणून अशा सहलीत कोणीतरी जाणकाराने ते सांगितलेच पाहिजे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण, सोपारा आणि पैठण या तिन्ही ठिकाणांचा उल्लेख येतो. समुद्रापारचा माल देशावर आणि देशावरचा माल समुद्राकडे नेणाऱ्या वाटांत नाणेघाट महत्त्वाचा होता. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे धावू लागली आणि बैलांच्या तांड्यांचे दिवस मागे पडत गेले. तरीही अंतराचे गणित बदललेले नाही. बसला वळसा घालून पायथ्याशी पोहोचायला अडीच तास लागणार होते आणि पायी उतरायलाही अंदाजे तेवढेच. इंजिन नसलेल्या काळात ही खिंड का मोलाची होती, हे यावरून ध्यानात येते.

साडेअकराला उतरण सुरू झाली. दोन्ही बाजूंना उंच कातळ आणि मधल्या घळीतून दगडांच्या पायऱ्या. काही घट्ट, काही सुटलेल्या. गटाचा नियम एकच होता: सर्वांत मागचा जो वेग ठेवील, तोच सर्वांचा वेग. एक जाणकार पुढे, एक मागे. अर्ध्या वाटेवर अडुसष्ट वर्षांच्या एका सभासदांच्या पोटरीत गोळा आला. पाय टेकवेना. मोबाइलला संपर्क मिळत नव्हता. “तुम्ही पुढे व्हा, मी येतो सावकाश,” असे ते म्हणाले. पण कोणीही हलले नाही. पाय चोळला, मीठ-साखरेचे पाणी दिले आणि दोघांच्या खांद्यांवर हात टाकून ते हळूहळू उतरू लागले. दोन वाजून गेले. सर्वांजवळचे पाणी संपत आले.

इकडे बस दोनलाच वैशाखऱ्याजवळ पोहोचली होती. पाऊण तास वाट पाहिल्यावर बसमधील मंडळींना राहवेना. आपला चालण्याचा आनंद हुकला म्हणून सकाळी खट्टू झालेल्यांपैकी सहा जणांनी पाण्याच्या बाटल्या आणि ताकाचा डबा घेतला आणि पायथ्याच्या रानातून घाटाच्या दिशेने चालू लागले. चढ लागेपर्यंतची वाट त्यांना झेपण्यासारखी होती. अर्ध्या तासाने झाडांतून बोलणे ऐकू आले. पाण्याची पहिली बाटली घेऊन पुढे झालेले होते ते चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ. पत्नीने बाटली घेतली आणि आधी पाय दुखावलेल्या सोबत्याच्या हाती दिली.

नाणेघाटाच्या वाटेवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. ज्यांनी ती खोदली, त्यांना पुढे कोण तहानलेला येणार हे ठाऊक नव्हते. वाट केवळ पायऱ्यांनी होत नाही. चालणाऱ्याची कोणीतरी आधी घेतलेली काळजीही तीत असते. सामूहिक सहलीलाही हेच लागू पडते. किती अंतर कापले याचा हिशेब संध्याकाळपर्यंत विसरला जातो. बेचाळीस निघाले आणि बेचाळीस एकत्र परतले, हा ताळेबंद मात्र लक्षात राहतो.

जाऊ इच्छिणाऱ्या गटांनी कार्तिक ते माघ हा काळ निवडावा, प्रत्येकाने किमान दोन लिटर पाणी जवळ ठेवावे, गुडघेदुखी असलेल्यांनी संकोच न करता बसचा मार्ग घ्यावा आणि प्लॅस्टिकचा कपटाही घाटात टाकू नये. बसमध्येही पाण्याचा थोडा साठा राखून ठेवावा. तो केव्हा घाटाकडे न्यावा लागेल, हे निघताना कोणालाच ठाऊक नसते.