आधी अपवाद, मग नियम

आमच्या मंडळाच्या वाचनालयात यंदा बारकोड स्कॅनर आला. सहा महिन्यांसाठी मुलांकडे आलेले आई-बाबा हे आमचे सर्वांत उत्साही वाचक. दुपारी घर रिकामे असते तेव्हा त्यांना सोबत पुस्तकांची. कपाटात असलेला दिवाळी अंक यादीत सापडला नाही, तर ते हात हलवत परत जातात. म्हणून नोंद चोख हवी, आणि टेबलावर बसणाऱ्या शाळकरी मुलांनाही ती जमायला हवी.

स्कॅनर बारकोडातले आकडे वाचून संगणकात टाइप करतो, एवढेच. पण आकडे किती, सुरुवात कशाने, यावरून ते कोणत्या रकान्यात टाकायचे, हे नियम आपण त्याला देऊ शकतो. आमचे नियम तीन. 977ने सुरू होणारे तेरा आकडे असतील तर नियतकालिक. तेरा आकडे असतील तर पुस्तक. हल्लीच्या पुस्तकांवर बहुधा 978 असते. सहा आकडे असतील तर बारकोड नसलेले जुने पुस्तक. ती चिठ्ठी आम्हीच छापून चिकटवतो.

खरी मेख क्रमात आहे. स्कॅनर वरून एकेक नियम तपासतो आणि पहिला लागू पडला की तिथेच थांबतो. ‘तेरा आकडे’ हा नियम वर ठेवला, तर 977चा अंकही पुस्तकांत जातो. खालचा नियम अगदी बरोबर असूनही त्याची पाळीच येत नाही. वर स्कॅनर ‘बीप’ करून सगळे ठीक असल्याचे सांगतो!

वर्गात आम्ही शिक्षक उलट शिकवतो. ईकारान्त नामे बहुधा स्त्रीलिंगी, हे आधी. पाणी, लोणी, मोती, हत्ती हे अपवाद नंतर. मुलांचे डोके अपवादाला आपोआप पुढे आणते. यंत्र आणत नाही. तिथे अपवाद आपणच आधी सांगायचा.

आमच्या स्कॅनरमध्ये एकदा दिलेला नियम उचलून वर नेता येत नाही. शेवटचे नियम पुसून पुन्हा द्यावे लागतात. म्हणून आधी कागदावर उतरवावे: सर्वांत नेमका वर, सर्वांत ढोबळ तळाशी. मग प्रत्येक प्रकारचा एक नमुना स्कॅन करून पाहावा.

आता आपल्या मंडळाच्या अंकांचेच घ्या. त्यांच्यावर बारकोड नाही, म्हणून 9ने सुरू होणारी सहा आकडी चिठ्ठी लावायची आहे. त्यांचा नवा नियम ‘सहा आकडे’च्या वर बसवायला हवा. नाहीतर पुढच्या वर्षी कोणाच्या आईने हाच अंक मागितला, तर तो कपाटात असेल आणि यादीतले मूल नम्रपणे सांगेल, “आजी, नाहीये.”