लोणी काळभोर ते मक्का: आकाशातले साडेपाच तास

मुंबई ते जेद्दा हे हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर धरला, तर पाचवीतला विद्यार्थीही चार तासांपेक्षा थोडे जास्त असे उत्तर काढील. तिकिटावर मात्र साडेपाच तास लिहिलेले असतात. धावपट्टीपर्यंत सरकणे, वर चढणे, खाली उतरणे यांत वेळ जातो. शिवाय पश्चिमेकडून येणारा वारा जाताना विमानाला अडवतो. परतताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून येताना वेळ कमी लागतो.

दिवाळीच्या सुटीत आम्ही सत्तरी ओलांडलेल्या अम्मींना घेऊन उमराहला निघालो, तेव्हा नातेवाईक म्हणाले, ‘साडेपाच तास तर लागतात, बसल्या बसल्या पोहोचाल.’ पण अम्मींचे गुडघे दुखतात, साखरेच्या गोळ्या वेळेवर लागतात. त्यामुळे आम्ही हिशोब विमानतळापासून नव्हे, घराच्या उंबऱ्यापासून मांडला.

रात्री दोन वाजता लोणी सोडले. तेल डेपोंच्या टँकरांमागून सोलापूर रस्त्याने हडपसर, मग पुणे ओलांडून द्रुतगती मार्ग. पनवेलजवळ फजर अदा केली. साडेसहाला मुंबई विमानतळ. दहाला विमान उडाले आणि आपल्या घड्याळात साडेतीन वाजता जेद्दाला उतरले. तिथे तेव्हा दुपारचा एक वाजला होता, कारण सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तपासणी, सामान आणि पुढचा रस्ता धरून मक्केतल्या खोलीत पोहोचलो तेव्हा लोणीत संध्याकाळचे सात वाजले होते. म्हणजे एकूण सतरा तास, त्यांतले आकाशातले फक्त साडेपाच.

सूर्याच्या दिशेने गेल्यामुळे आमचा तो दिवस अडीच तासांनी लांबला. घड्याळ मागे घेतले तरी पोटाची भूक आणि गोळीची वेळ मागे जात नाही. डॉक्टरांकडून गोळ्यांचे वेळापत्रक आधीच लिहून घेतले होते, त्याचा फार उपयोग झाला. गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवल्या होत्या. चाकाची खुर्चीही तिकिटासोबतच सांगून ठेवली होती.

अंतराचा संबंध इबादतीशीही आहे. हनफी उलेमा साधारण ४८ मैलांच्या, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटरच्या प्रवासाला कसरची मुभा सांगतात. आमचा प्रवास त्याहून कितीतरी मोठा, म्हणून वस्ती ओलांडताच आम्ही मुसाफिर झालो. विमान जेद्दाला उतरण्यापूर्वीच मीकात ओलांडते. त्यामुळे एहरामचे कपडे मुंबईतच घालून, मीकात येण्याआधी विमानात नियत करावी लागते. डोळा लागला तर ही वेळ निसटू शकते. म्हणून घरातल्या एकाने जागे राहावे.

जुन्या पिढीला हे सारे नवलाचे वाटेल. १९९५ पर्यंत मुंबईहून हजची जहाजे जात. सुमारे २,३०० सागरी मैलांच्या त्या प्रवासाला बारा-पंधरा दिवस लागत. तेव्हा शरीराला नव्या वेळेची सवय हळूहळू होई. आता समुद्र काही तासांत ओलांडला जातो, पण म्हाताऱ्या गुडघ्यांचा वेग तोच राहिला आहे.

म्हणून वडीलधाऱ्यांना नेणार असाल, तर दोन विमानतळांमधला वेळ विचारून थांबू नका. उंबरा ते खोली असा हिशोब मांडा, आणि पोहोचल्यावर आधी त्यांना झोपू द्या. अम्मी रात्रभर झोपल्या. उमराह आम्ही दुसऱ्या दिवशी, फजरनंतर, सावकाश केला.