पडद्यातली माणसे

तृतीय वर्षाच्या वर्गात ‘घाशीराम कोतवाल’ शिकवायला घेतले की पहिला तास मी एकाच कामात घालवतो. दहा-बारा मुलांना फळ्यासमोर रांगेत उभे करतो आणि सांगतो, की तुम्ही आता पडदा आहात. पाठ फिरवलीत की भिंत, तोंड वळवलेत की पेशवाईतले पुणे. मुले हसतात, रांग वाकडी होते, मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी घालतो. यावलसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे पावसाळा सरल्यावर वर्गातली निम्मी मुले केळीच्या कापणीला गेलेली असतात, तिथे मानवी पडदा ही कल्पना समजावण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही. व्याख्या ती मुले परीक्षेनंतर विसरतात. रांगेत उभे राहिल्याचे मात्र विसरत नाहीत.

मीही विसरलेलो नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षी आमच्या स्नेहसंमेलनात या नाटकातला एक तुकडा बसवला होता. डावीकडून सातवा मी. एकट्याने म्हणायचे वाक्य एकही नव्हते. डोलायचे, गायचे, पाठ फिरवायची. एवढ्या भांडवलावर त्या वर्षी मी स्वतःला नट समजत होतो. पुढे एम.ए., नेट, तासिका तत्त्वावरची वर्षे आणि मग कायमची नोकरी, अशा रीतसर पायऱ्या चढताना ते प्रकरण मागे पडले. मुद्दाम कुणी थांबवले नाही. मीच म्हणत राहिलो, की आधी स्थिरस्थावर होऊ, मग नाटक पाहू.

चार वर्षांपूर्वी एक विद्यार्थी विभागात येऊन उभा राहिला. वर्गातल्या रांगेत त्यानेच सगळ्यांना ताल धरायला लावला होता. म्हणाला, “सर, मले नाटकच करायचं हाये.” मी क्षणाचाही विलंब न लावता त्याला तयार उत्तर दिले. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे पदव्युत्तर. तेव्हा बाबा, आधी पोटाचे बघ. तो मान हलवून गेला. त्या उत्तरात काहीतरी खोटे होते हे मला जाणवत होते, पण नेमके काय, ते उमगायला मला त्या माणसांची चरित्रे तारखा लावून पुन्हा वाचावी लागली.

१६ डिसेंबर १९७२ या दिवशी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम’चा पहिला प्रयोग झाला. त्या दिवशी या मंडळींची वये काय होती? नाना फडणवीस झालेले आगाशे पंचवीस वर्षांचे. दिग्दर्शनात साहाय्य करणारे आळेकर तेवीस वर्षांचे. दिग्दर्शक जब्बार पटेल तीस, संगीत देणारे भास्कर चंदावरकर छत्तीस, आणि सर्वांत वडील विजय तेंडुलकर चव्वेचाळीस. आज मी त्या तेंडुलकरांहूनही दोन वर्षांनी मोठा आहे, हे गणित करताना जरा अवघडल्यासारखे झाले. ज्याला मी ‘आधी’ आणि ‘मग’ म्हणत होतो, तसे काही यांच्या आयुष्यात नव्हतेच. पटेलांनी तेंडुलकरांचे ‘अशी पाखरे येती’ १९७० मध्येच बसवले होते. दौंडचा दवाखाना आणि पुण्यातली तालीम ही दोन्ही ओझी त्यांनी तारुण्यातच दोन खांद्यांवर घेतली. एक उतरवून दुसरे उचलले नाही. माझ्या उपदेशातली मेख इथे होती. मी त्यांच्या नोकऱ्या पाहिल्या, त्यांचे एकाच वेळी दोन्हीकडे असणे पाहिले नाही.

पण या नोकऱ्यांना दुसरीही एक बाजू आहे, आणि साहित्याच्या वर्गात आपण ती सहसा बोलत नाही. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने हे नाटक १९ प्रयोगांनंतर थांबवले. मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये ‘थिएटर ॲकॅडमी’ स्थापन झाली आणि १९७४ च्या जानेवारीत ‘घाशीराम’ पुन्हा उभे राहिले. आपण हे वाचतो आणि निर्मितीस्वातंत्र्य, बंडखोरी असे शब्द वापरून पुढे जातो. मला आता वेगळाच प्रश्न पडतो. मधल्या वर्षभरात घरची चूल कशावर पेटत होती? ती नाटकावर पेटत नव्हती, म्हणूनच ही मंडळी नाटकासाठी भांडू शकली. ज्याचे पोट प्रयोगावर आहे त्याला प्रयोग बंद पडणे परवडत नाही. तो तडजोड करतो, एखादा प्रवेश गाळतो, कुणाची तरी माफी मागतो. ससूनच्या आवारातल्या मंडळींना तसे करावे लागले नाही.

याच्या उलट चित्र मी लहानपणापासून पाहिले आहे. आमच्याकडे यात्रेला तमाशाचा फड यायचा. कनात लागली की आम्ही पोरे दुपारीच मागच्या बाजूने घुटमळायचो. रात्री ज्याला राजा म्हणून पाहायचे तो दुपारी चुलीपाशी बसून भाकरी खात असायचा, आणि राणीच्या मांडीवर तापाने फणफणलेले पोर असायचे. दसऱ्यानंतर हंगाम सुरू होतो, नारायणगावला राहुट्यांमध्ये सुपाऱ्या ठरतात, कलावंत फडमालकाकडून उचल घेतो आणि ती फेडत गावोगाव हिंडतो. ‘घाशीराम’ने गण, लावणी, कीर्तन, दशावतार, कोकणातले खेळे यांच्याकडून कितीतरी घेतले. रूपबंधाच्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना विद्यार्थी हे सगळे ओळीने लिहितात आणि मी त्यांना गुण देतो. पण ज्यांचे रूप घेतले त्यांना पगार नव्हता आणि ज्यांनी घेतले त्यांना होता, हे कुणी लिहीत नाही. घेणाऱ्यांनी अन्याय केला, असा याचा अर्थ मी काढत नाही. एवढेच, की ‘लोकपरंपरेचा सर्जनशील वापर’ हा शब्दप्रयोग माझ्या तोंडून आता पूर्वीइतक्या सहज निघत नाही.

त्या एका प्रयोगातून पुढे किती वाटा फुटल्या, हे मात्र पाहत राहावे असे आहे. पटेल आणि तेंडुलकर ‘सामना’, ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’ या चित्रपटांत पुन्हा एकत्र आले. १९७५ ते १९८२ या सात-आठ वर्षांत मराठी चित्रपटाला राजकारण आणि समाज यांकडे पाहण्याची एक नवी नजर मिळाली ती या जोडीमुळे. ‘सामना’त आगाशे नानाच्या नेमके उलट टोक गाठतात, मारुती कांबळे होतात. त्याच चित्रपटात चंदावरकरांच्या संगीतात रवींद्र साठ्यांचा आवाज महाराष्ट्रभर पोचला, आणि हे साठे मुळात आमच्या रांगेतले, म्हणजे ‘घाशीराम’च्या गाणाऱ्या मेळ्यातले. ‘उंबरठा’ची नायिका स्मिता पाटील आमच्याच खानदेशची, शिरपूरच्या घराण्यातली, यावलहून चोपड्यावरून सरळ गेले की शिरपूर. आळेकरांनी १९७४ मध्ये ‘महानिर्वाण’ आणले. त्याला चाली दिल्या आनंद मोडकांनी. ते बँक ऑफ महाराष्ट्रात नोकरी करत. त्यात भाऊरावांचे प्रेत होऊन कीर्तन करणारे चंद्रकांत काळे, तेही ‘घाशीराम’चेच. पुढे काळ्यांनी ‘शब्दवेध’मधून मराठी कवितेचे आणि संतवाणीचे जे कार्यक्रम उभे केले, ते माझ्या पिढीच्या मराठी शिक्षकांनी ध्वनिफितींवर ऐकले. वर्गात अभंग मोठ्याने म्हणायचा संकोच माझा तरी त्यामुळे गेला.

आगाशे नाटकात राहिले तसेच वैद्यकशास्त्रातही राहिले. १९९३ च्या लातूर भूकंपानंतर वाचलेल्यांच्या मनःस्वास्थ्यावर त्यांनी काम केले. ‘घाशीराम’ १९८० मध्ये युरोपात गेले, तेही विरोध पत्करून; जर्मनीशी जडलेल्या नात्यातून १९८६ मध्ये बर्लिनची ‘ग्रिप्स’ ही मुलांची रंगभूमी मराठीत आली. तेंडुलकर २००८ मध्ये गेले, चंदावरकर २००९ मध्ये, मोडक २०१४ मध्ये. पटेल २०२४ च्या जानेवारीत शंभराव्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष म्हणून व्यासपीठावर होते.

आणि घाशीराम? ज्याच्या नावाने नाटक आहे ती भूमिका रमेश टिळेकरांनी केली. मुलांना मी विचारतो तेव्हा आगाशेंचा चेहरा सगळ्यांनी चित्रपटांत पाहिलेला असतो. टिळेकरांचे नाव आजवर एकाही वर्गातून आलेले नाही. १९७६ मध्ये ‘युक्त’ या सहकारी संस्थेने ‘घाशीराम’वर चित्रपट केला तेव्हा नाना आगाशेच होते, घाशीराम मात्र ओम पुरी झाले. नाना निसटतो आणि घाशीराम संपतो, असे नाटकात आहे. नामवंतांच्या यादीत तरी तसे व्हायला नको होते. नृत्यरचनेने ती अख्खी रांग हलती ठेवणारे कृष्णदेव मुळगुंद यांचे नावही मी फळ्यावर लिहितो तेव्हा मुले स्पेलिंग विचारावे तसे दोनदा विचारतात.

असो. विद्यार्थ्याकडे परत येतो. माझ्या उपदेशानंतर आठवडाभराने त्याचे वडील महाविद्यालयात आले. केळीच्या गाड्या भरून देण्याचे काम करणारा माणूस. डोक्याचा रुमाल काढून हातात धरलेला. त्यांनी विचारले, “सर, नाटकात नोकरी लागते का?” मी पुन्हा तेच डॉक्टरांचे पुराण सुरू केले. शांतपणे ऐकून घेतले त्यांनी. मग म्हणाले, “म्हंजे पोराले आधी डॉक्टर करा लागन?” यावर मी काहीही बोललो नाही. पुण्यातले वैद्यकीय महाविद्यालय, चालत जाण्याच्या अंतरावरचे नाट्यगृह, संध्याकाळी तालमीला मोकळे असणारे मित्र, हे सारे ज्या पगाराच्या आसपास होते तो पगार इथल्या मुलाला कुठून दाखवायचा? थिएटर ॲकॅडमीनेच हा प्रश्न ओळखला होता असे दिसते. १९८५ ते १९९४ या काळात आळेकरांच्या पुढाकाराने, फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने, नाटककारांसाठी आणि ठिकठिकाणच्या नाट्यसंस्थांसाठी योजना राबवल्या गेल्या. माझ्या विद्यार्थ्याच्या जन्माआधीच त्या संपल्या होत्या.

तो मुलगा आता भुसावळला एका दुकानात हिशेब लिहितो. मी सांगितले म्हणून नव्हे. घरात गरज होती म्हणून. पण त्याने माझ्यासारखे ‘मग’ म्हटले नाही. रात्री आठनंतर एका शाळेच्या हॉलमध्ये सात-आठ जण जमतात. राज्य नाट्य स्पर्धेसाठी त्याने स्वतःच नाटक लिहिले आहे, आमच्या बोलीत, केळीच्या कापणीवर. त्यात घड वाहणाऱ्या मजुरांची एक रांग आहे. तीच कधी बांध होते, कधी गाडी, कधी व्यापाऱ्यांची बैठक. मागच्या महिन्यात त्याने संहिता वाचायला पाठवली. मी लाल शाईने शुद्धलेखन तपासले आणि लगेच लाज वाटून ती पाने पुन्हा कोरी छापून आणली.

परवा रात्री त्याचा फोन आला. रांगेत नऊ माणसे हवीत, सहाच आहेत. दोघांना पाळी आहे, एकाने लग्नाचे कारण सांगितले. “सर, तुमाले वाक्य नाही देत मी,” तो म्हणाला, “फक्त उभं राहायचं.” मी तास, उत्तरपत्रिका, गुडघे अशी कारणे मनात जुळवत होतो. तेवढ्यात त्यानेच विचारले, की साडेसातची एसटी धरता येईल का.

यावल-भुसावळ अंतर फार नाही. काल पहिल्या तालमीला गेलो. डावीकडून आठवा आहे. घड म्हणून खांद्यावर सध्या गोणपाटात बांधलेली वाळू घेतो. डाव्या खांद्यावर घ्यायची की उजव्या, यावरून आमचा अर्धा तास वाद झाला.