वाहता मोजणीदार

अंगाने नळकांडं, वजन 20-30 किलो, डोक्यावर अँटेना. जहाजावरून एकदा पाण्यात सोडला की आर्गो फ्लोट या समुद्र मोजणाऱ्या यंत्राचं माणसांशी बोलणं उपग्रहामार्फतच. त्याला ना पंखा, ना सुकाणू. कुठे जायचं हे प्रवाह ठरवतो. वर यायचं की खाली जायचं, एवढंच त्याच्या हातात.

पोटातलं थोडं तेल बाहेरच्या पिशवीत ढकललं की वजन तेवढंच राहून आकारमान वाढतं आणि तो वर येतो. तेल आत ओढलं की बुडतो. अशा रीतीने 1000 मीटरवर जाऊन तो नऊएक दिवस नुसता वाहत राहतो. मग 2000 मीटरपर्यंत बुडी, आणि तिथून वर येताना दाब, तापमान, क्षारता यांची नोंद. तापमान तर अंशाच्या काही हजाराव्या भागापर्यंत नेमकं! पृष्ठभाग काही मीटरवर आला की बरेच फ्लोट सेन्सरमधून पाणी खेचणारा पंप बंद करतात. वरचा तेलकट तवंग आत शिरला तर क्षारतेचं माप बिघडेल. त्यांची ही सावधगिरी मला फार भावते.

वर आल्यावर तो आपला ठावठिकाणा कळवतो. मागच्या खेपेला कुठे होता, आता कुठे आहे, यावरून खोल पाण्यातल्या प्रवाहाचा वेग निघतो. म्हणजे वाहून जाणं हीसुद्धा मोजणीच.

आज जगभर असे सुमारे 4000 फ्लोट आहेत. पूर्वी जहाजं जात तिथल्याच खोल पाण्याची माहिती मिळे. दक्षिण महासागरात ऐन हिवाळ्यात कोण जाणार? पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी 90 टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली, हे आज ठामपणे सांगता येतं त्यात या फ्लोटचा वाटा मोठा. आपल्याही जिवाशी या उष्णतेचा संबंध आहे. जून 2020 मध्ये ‘निसर्ग’ वादळ अलिबागजवळ धडकलं. अशा वादळांना बळ देणारी ऊब किती खोलवर मुरली आहे, ते उपग्रहाला थेट दिसत नाही. त्यासाठी पाण्यात उतरावंच लागतं.

चार-पाच वर्षांत बॅटरी संपते. बहुतेकांना परत आणायला कुणी जात नाही, जहाज धाडण्याचा खर्च परवडत नाही. याची मला खंत वाटते. पण त्यांच्या नोंदी बहुधा 24 तासांत सगळ्यांसाठी फुकट खुल्या होतात, हिंदी महासागरातल्या नोंदी हैदराबादच्या केंद्राकडूनही मिळतात. रत्नागिरीच्या कॉलेजातल्या मुलींनी अरबी समुद्राचं परवाचं तापमान जरूर उघडून पाहावं.